रेल्वेच्या प्रतिकृतींतले दिवे आणि त्यांचे रोधक

रेल्वेच्या चालत्या प्रतिकृतींत इंजिनाचा हेडलाइट, डब्यांतले दिवे आणि शेवटच्या डब्याचा लाल दिवा यांसाठी आता बहुधा एलईडी वापरतात. एलईडीला स्वतःचा प्रवाह आवरता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाशी एकसर (सिरीज) जोडणीत प्रवाह आवरणारा रोधक लावावा लागतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या दुकानांत तो ‘रेझिस्टर’ म्हणूनच मागायचा. कोथरूडचे जोशी रेल्वे म्युझियम पाहून घरी रूळ मांडायला घेतलेल्यांची पहिली अडचण बहुधा इथेच येते.

हिशेब ओहमच्या नियमाचा आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करून उरलेल्याला हव्या त्या प्रवाहाने भागायचे. पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो, लाल सुमारे २. रुळांवर १२ व्होल्ट आणि प्रवाह १० मिलिअँपिअर धरला, तर पांढऱ्यासाठी ९०० ओहम येतात. बाजारात त्यावरचा सहज मिळणारा आकडा १ किलोओहम; ओळखायच्या रंगीत पट्ट्या तपकिरी, काळी, लाल. पाव वॅटचा रोधक पुरतो.

मात्र हे उत्तर एलईडी जळू नये इतपतच कामाचे. आजचे एलईडी इतके प्रखर असतात की १० मिलिअँपिअरवर डब्यातला दिवा लग्नमांडवातल्या हॅलोजनसारखा दिसतो. १ ते ३ मिलिअँपिअर पुष्कळ झाले. डिजिटल रुळांवर, म्हणजे विजेबरोबर इंजिनाला आज्ञाही रुळांतूनच जातात तिथे, साधारण १५ व्होल्ट असतात. तिथे पांढऱ्याला ४.७ किलोओहम लावला तर अडीच मिलिअँपिअर वाहतात, १० किलोओहमला सव्वा. प्रवाह निम्मा झाला तरी उजेड डोळ्यांना निम्मा वाटत नाही, म्हणून शेवटचा निर्णय कागदावर घेऊ नये. १ किलोओहमच्या रोधकामागे १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून रोध बदलता येणारा रोधक) जोडावा, खोलीत अंधार करावा, मनासारखा उजेड आला की वीज तोडून दोन्हींचा मिळून रोध मल्टिमीटरने मोजावा आणि जवळचा रोधक आणावा.

एका रोधकावर लाल आणि पांढरा एलईडी समांतर जोडू नये. लाल २ व्होल्टवरच पेटतो, व्होल्टेज तिथेच अडते आणि पांढरा अंधारात राहतो. तीन पांढरे एकसर जोडले तर एकच रोधक लागतो खरा. पण वेगाप्रमाणे व्होल्टेज बदलणाऱ्या साध्या रुळांवर ९ व्होल्टच्या खाली तिन्ही विझतात, म्हणजे गाडी स्टेशनात शिरताना डब्यात काळोख.

साध्या रुळांवर गाडी उलटी चालवली की ध्रुवही उलटतात, आणि बहुतेक एलईडींना ५ व्होल्टच्या वर उलटे व्होल्टेज सोसवत नाही. हेडलाइट आणि इंजिनाच्या त्याच टोकाचा लाल दिवा एकमेकांना उलटे जोडून दोघांत एक रोधक दिला, तर पेटलेला एलईडी दुसऱ्याचे रक्षण करतो आणि दिशेप्रमाणे दिवेही आपोआप बदलतात. डिजिटल रुळांवर ही युक्ती चालत नाही. तिथे ध्रुव सतत झपाट्याने उलटत असल्याने दोन्ही दिवे सतत पेटलेले दिसतात आणि ते काम इंजिनातल्या डीकोडरवर, म्हणजे आज्ञा उलगडणाऱ्या सर्किटवर, सोपवावे लागते.