रॉब बरोच्या चेतापेशी

हेडिंग्ले म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. लीड्स शहरातल्या त्याच आवारात, क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून आणखी एक मैदान आहे. दोन्हींच्या मधली प्रेक्षकांची गॅलरी सामाईक आहे. तिथे लीड्स ऱ्हायनोज हा रग्बी लीगचा संघ खेळतो. २००१ ते २०१७ असे सतरा मोसम या संघाकडून रॉब बरो खेळला. उंची पाच फूट पाच इंच, वजन साधारण ६७ किलो. समोरचे गडी शंभर-एकशे दहा किलोंचे. अशा खेळात त्याने संघाबरोबर सुपर लीगची, म्हणजे तिथल्या या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेची, आठ विजेतेपदं मिळवली, आणि २००७ व २०११ या दोन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचा मानही पटकावला. हे त्याला कसं जमलं आणि पुढे त्याच्या शरीराचं काय झालं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना आपण एकाच जातीच्या पेशीपाशी येऊन थांबतो.

आधी खेळाबद्दल थोडं. रग्बी लीग हा नेहमीच्या रग्बीतून फुटून निघालेला खेळ. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. भांडण पैशाचं होतं. खाणीत आणि गिरण्यांत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला आले की त्यांचा खाडा व्हायचा. ती बुडालेली मजुरी भरून द्यावी, असं या क्लबांचं म्हणणं होतं. त्यातून जो खेळ घडला त्यात दोन्ही बाजूंना तेरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा सामना आणि चेंडू असलेल्या संघाला सहा पकडींची मुभा. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, फक्त इथे पकडणारे समोरून धावत येतात. प्रत्येक पकडीनंतर पडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जावं लागतं. ते मागे सरत असतात त्या एक-दोन सेकंदांत, सगळे पुरते उभेही राहिलेले नसताना, बरो चेंडू उचलून निसटायचा.

वजनाची भीती किती खरी, ते आकड्यांत पाहू. ६७ किलोचा माणूस सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असेल तर त्याचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, ५३६ एकक होतो. ११० किलोचा गडी सेकंदाला ५ मीटर वेगाने येत असेल तर ५५०. जवळजवळ बरोबरीच. गतिज ऊर्जा तर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे छोट्याकडे २१४४ ज्यूल आणि मोठ्याकडे १३७५. वेग हा असं वजनाचं देणं फेडतो. त्यात लहान शरीराला आणखी एक फायदा असतो. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि वजन घनफळावर. प्रत्येक माप दुप्पट केलं तर ताकद चौपट होते, पण वजन आठपट. म्हणून किलोमागे ताकद पाहिली तर लहान चणीचा माणूस पुढे असतो, आणि दिशा बदलायला नेमकी तीच लागते.

२०११ च्या अंतिम सामन्यातली त्याची धाव सावकाश करून पाहण्यासारखी आहे. समोर सेंट हेलेन्सचा संघ. साधारण मैदानाच्या मध्यावर बरो चेंडू घेतो, पकडायला आलेल्या हाताखालून वाकून निघतो आणि आता मोकळं मैदान आणि एकच शेवटचा रक्षक उरतो. वेग फारसा न गमावता तो एका पायावर भार देऊन दुसरीकडे वळतो. रक्षकाचं वजन तोवर चुकीच्या पायावर गेलेलं असतं.

त्या एका पावलात काय काय घडतं? मेंदूच्या पृष्ठभागावरच्या चेतापेशी मज्जारज्जूला निरोप धाडतात. मज्जारज्जूतल्या दुसऱ्या चेतापेशी तो थेट पायाच्या स्नायूंना पोचवतात. या दोन टप्प्यांतल्या पेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. कमरेतून निघालेला त्यांचा तंतू पायाच्या बोटांकडे जातो, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब, आणि त्यातून निरोप सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने धावतो. एक पेशी पोटरीतले शेकडो, कधी हजारावर स्नायुतंतू एकाच वेळी आखडवते. हळू चालताना आधी लहान पेशी कामाला लागतात. मोठ्या पेशी, ज्यांच्या हाताखाली सगळ्यात जोरकस आणि लवकर दमणारे तंतू असतात, त्या शेवटी येतात. उसळी मारायची असेल तेव्हा मात्र या मोठ्या पेशींना क्षणार्धात आणि भराभर निरोप सोडावे लागतात. चपळ खेळाडूचा सराव हा मोठ्या प्रमाणात या पेशींचाच सराव असतो. स्नायू पिळदार दिसतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. त्यांना जागं करणारी पेशी दिसत नाही, पण मला तरी या खेळातली सगळ्यात विलक्षण गोष्ट तीच वाटते.

२०१७ मध्ये बरो निवृत्त झाला. डिसेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याला मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचं निदान झालं. सुरुवात बोलण्यापासून झाली, शब्द अडखळू लागले. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे या आजाराचं नाव आपल्याकडे माहीत आहे, पण हॉकिंग त्याच्याबरोबर पाच दशकांहून अधिक जगले हा फार मोठा अपवाद आहे. निदानानंतर दोन वर्षांच्या आत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. ब्रिटनमध्ये कोणत्याही वेळी सुमारे पाच हजार लोक या आजारासह जगत असतात. आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक.

या आजारात वर सांगितलेल्या दोन्ही टप्प्यांतल्या पेशी मरू लागतात. बहुतेक रुग्णांत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकातली आपली जागा सोडून बाहेर येतं आणि तिथे त्याच्या गुठळ्या होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेली एक गोष्ट बरोच्या संदर्भात वाचताना जिवाला लागते: सगळ्यात आधी बळी जातात त्या मोठ्या, वेगवान तंतू चालवणाऱ्या पेशी. एवढी मोठी पेशी आणि एवढा लांब तंतू पोसायला ऊर्जा फार लागते, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. एक पेशी मेली की शेजारची पेशी नवे फाटे फोडून तिचे पोरके तंतू आपल्याकडे घेते. त्यामुळे बऱ्याच पेशी जाईपर्यंत बाहेरून काही कळतच नाही, आणि निदानाला उशीर होतो.

डोळे हलवणाऱ्या पेशी मात्र या आजारात सहसा शेवटपर्यंत टिकतात. त्या वेगळ्या घडणीच्या असतात आणि त्यांच्या वाट्याला येणारे स्नायुतंतूही अगदी मोजके. बरोचं बोलणं गेलं तेव्हा तो नजरेने संगणकावरची अक्षरं निवडू लागला. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेला आवाज ती वाचून दाखवायचा, यॉर्कशरच्या त्याच हेलासकट. डिसेंबर २०२२ मध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर त्याने अशीच डोळ्यांनी गोष्ट सांगितली.

रग्बीमुळे हे झालं का? हा प्रश्न कुणीही विचारेल. २०२२ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडूंची तुलना बाराशेहून अधिक सामान्य लोकांशी केली. खेळाडूंमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट आणि मोटर न्यूरॉन डिसीजचा पंधरापट आढळला. पंधरापट हा आकडा घाबरवणारा आहे, पण आजार मुळात दुर्मीळ असल्याने तो अगदी थोड्या रुग्णांवर उभा आहे, आणि ते खेळाडू रग्बी युनियनचे, म्हणजे नेहमीच्या रग्बीचे होते. २०२१ मध्ये शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं, की विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या लोकांत वारंवार केलेला जोरकस व्यायाम धोका वाढवू शकतो. डोक्याला बसणारे मार ही आणखी वेगळी वाट. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या दोन दिवंगत खेळाडूंच्या मेंदूत, वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार सापडला. दोघेही प्रत्येकी दीडशेहून जास्त वरच्या दर्जाचे सामने खेळलेले होते. यातलं काहीही एकट्या बरोवर बोट ठेवून ‘हेच कारण’ असं सांगायला पुरत नाही. गटाचा धोका आणि एका माणसाचं नशीब यांत अंतर असतं. तरीही खेळ चालवणाऱ्यांनी डोक्याला बसणारे झटके मोजणं आणि सरावातल्या टकरी कमी करणं यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. त्यासाठी शेवटच्या उत्तराची वाट पाहत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरोचा जुना कर्णधार केविन सिनफील्ड या आजाराच्या संशोधनासाठी सलग सात दिवस सात मॅरेथॉन धावला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने बरोला चाकाच्या खुर्चीत बसवून पूर्ण अंतर ढकलत नेलं आणि अंतिम रेषेजवळ उचलून पलीकडे नेलं. २ जून २०२४ रोजी, ४१ व्या वर्षी, बरो गेला. दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं बांधकाम सुरू झालं.

औषधांच्या आघाडीवर अनेक वर्षं मुख्यतः रिल्युझोल होतं. ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने टोफर्सन या औषधाला मान्यता दिली. एसओडी१ या जनुकातल्या बिघाडामुळे ज्यांना आजार होतो त्यांच्यात हे औषध त्या जनुकाचा निरोपच नष्ट करतं, म्हणजे सदोष प्रथिन बनणंच कमी होतं. असे रुग्ण जेमतेम दोन टक्के. आता ज्यांच्यात हा बिघाड आहे पण लक्षणं उमटलेली नाहीत, अशा लोकांवर ‘अ‍ॅटलास’ नावाची चाचणी घेतली जात आहे. चेतातंतू झिजताना त्यांच्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते वाढू लागल्याचं दिसताच, हातापायांत कमजोरी जाणवण्याच्या आधीच, औषध सुरू करायचं. पेशी मेल्यावर ती परत आणता येत नाही, त्यामुळे उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के रुग्णांसाठीही संशोधक आधी अशीच लवकर इशारा देणारी खूण शोधत आहेत.