२,१४,७४,८३,६४७ (मूळ संख्या)

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की मिळणारी मूळ (अविभाज्य) संख्या. वाचन : दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ‘दोनाचा घात वजा एक’ या रूपातील मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्यावरून मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७ या मालिकेत हिचा क्रमांक आठवा. घातांक मूळ असला एवढेच पुरेसे नाही : अकराव्या घातातून मिळणारी २,०४७ ही २३ गुणिले ८९ आहे.

इटालियन गणिती काताल्दी आणि मर्सेन या दोघांनीही ही संख्या मूळ असल्याचे लिहून ठेवले होते, पण दोघांच्याही याद्यांत चुका होत्या. सिद्धता स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांची. १७७२ साली प्रसिद्ध झालेल्या, गणिती बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती कळवली. तेव्हा ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. नुसते भागत बसायचे तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. त्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. ऑयलर यांनी आधी दाखवले, की हिला मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा संख्या उरतात जेमतेम ३७३, आणि त्यांतल्याही बहुतेक मूळ नाहीत. ६३ बाद, २४९ म्हणजे ३ गुणिले ८३, तीही बाद. पहिली खरी उमेदवार ३११; तिने भागले की बाकी ३५. मग ४९७ पासून १,२४१ पर्यंतच्या उमेदवारांत एकही मूळ संख्या नाही, थेट १,३०३ येते. तिथे बाकी २२६. शेवटपर्यंत बाकी शून्य कुठेच येत नाही. भागाकार करण्याआधीच बहुतेक भागाकार अनावश्यक ठरवणे, हे या सिद्धतेचे खरे सौंदर्य. पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

आज लुका–लेमर कसोटीने हेच काम २९ पायऱ्यांत होते : ४ पासून सुरुवात करून दरवेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची, शेवटी शून्य उरले पाहिजे. ३१ साठी ही साखळी ४, १४, ८, ० अशी तोंडी करता येते.

या संख्येला दोनाच्या तिसाव्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. शिवाय ३१ हा घातांकही मर्सेन मूळ संख्या आहे. साखळी मात्र इथे तुटते : २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेऊन बनणाऱ्या मर्सेन संख्येला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने पूर्ण भाग जातो.

फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने ३१ एक. त्यामुळे चिन्हासह ३२ बिटांत (द्विमान अंकांत) मावणारी ती सर्वांत मोठी पूर्णांक संख्या ठरते. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या संगणक प्रणालींत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठला जाईल. पुढच्या सेकंदाला मोजणी उलटून ऋण टोकाला जाते आणि तिथले घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते.