गर्भपिशवी आहे की काढली आहे?

पाळी जायच्या वयात रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, गाऊन घामाने भिजतो, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. वैतागून मैत्रिणीची इस्ट्रोजेनची, म्हणजे पाळी जाताना कमी होणाऱ्या हार्मोनची गोळी दुकानातून परस्पर आणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना आधी एकच विचारावंसं वाटतं: गर्भपिशवी आहे की काढली आहे?

इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं आतलं अस्तर वाढतं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्या वाढीला आवर घालतं. पिशवी शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर अस्तर जाड होत जातं, पुढे त्यात कॅन्सरही होऊ शकतो. अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन १९४२ पासून विकलं जात होतं. हा धोका उघड व्हायला १९७५ साल उजाडलं. म्हणून पिशवी असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच.

मग २००२ मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीने सगळ्यांना धडकी भरवली. दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८ जणींना झाला. धोका खरा आहे, पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत औषध सुरू केलं तर नफ्यातोट्याचं गणित बरंच वेगळं असतं.

औषध कसं घेता, यानेही फरक पडतो. गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात. जेल किंवा चिकटपट्टीतलं औषध कातडीतून रक्तात मुरतं, त्यामुळे पायात गुठळी होण्याची भीती बरीच कमी. जेल दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, स्तनांवर कधीच नाही. ते वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे. तोवर नातवंडाला कडेवर घेऊ नका, त्याच्या अंगालाही औषध लागतं.

स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, गुठळी किंवा यकृताचा आजार झालेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं तर तपासून घेतल्याशिवाय औषध नको.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. माझा जीव तुटतो तो अशा बायकांसाठी. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हे औषध सहसा द्यायला हवं. ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं. तो कागद ट्रंकेत असेल तर शोधा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.