काढूनच टाका : विदर्भाच्या खेड्यांतल्या दंतवैद्यकाची पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा, सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य तो हेच सांगेल : "काढूनच टाका ना जी." दाढ वाचू शकते, रूट कॅनल होईल, असं समजावलं तरी पुष्कळजण काढण्यावर ठाम असतात. शहरातली माणसं याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. पण त्या वाक्यामागे फेऱ्यांचा, भाड्याचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब असतो. तो हिशेब कसा तयार झाला, हे पाहिल्याशिवाय इथला दवाखाना आणि तो चालवणारा डॉक्टर दोन्ही समजत नाहीत.

दात दुखला की आधी लवंगेचं तेल, हिंग, तंबाखूची चिमूट, कुठे भुईरिंगणीच्या बियांची धुरी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल खरोखरच वेदना बधिर करतं. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून ते आजही तात्पुरतं सिमेंट म्हणून दवाखान्यात वापरतात. बाकीच्या उपायांची ख्याती मात्र दुखण्याच्या चालीवर उभी राहिली. कीड आतल्या मगजापर्यंत पोचली की काही दिवस रात्र-रात्र ठणका लागतो. मग मगज मरतो आणि ठणका आपोआप थांबतो. त्या दिवसांत जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. काही महिन्यांनी मुळाशी पू धरून गाल सुजतो, तोवर दाताचा वरचा भाग भुसभुशीत होऊन गेलेला असतो आणि खरोखरच काढण्यावाचून इलाज उरत नाही.

काढणारा माणूस बाजारात बसायचा. चटई, काचेच्या बरणीत काढलेले दात, दोन-तीन चिमटे, ॲक्रिलिकच्या दातांचे पत्ते, एवढंच त्याचं दुकान. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं महाविद्यालय १९३३ साली सुरू झालं. पण तिथून शिकलेली मंडळी शहरांतच राहिली. १९४८ साली दंतवैद्य अधिनियम आला आणि पुढल्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले : भाग 'अ' पदवीधरांचा, आणि भाग 'ब' पदवी नसली तरी किमान पाच वर्षं हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांचा. देशात पदवीधर इतके कमी होते की दुसरा मार्ग नव्हता. त्या वेळी विदर्भ मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांतात एकही दंत महाविद्यालय नव्हतं. नोंदणी नसताना दात काढणं गुन्हा ठरला खरा, पण पहिल्यांदा सापडला तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. ही रक्कम दशकानुदशकं तशीच राहिली आणि बाजारातला माणूसही राहिला.

त्याच्या कामाने होणारं नुकसान नेमकं सांगायला हवं. पडलेल्या दाताच्या जागी तो सेल्फ-क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणाऱ्या, ॲक्रिलिकची भुकटी आणि द्रव कालवून थेट तोंडातच दात 'फिक्स' करतो, शेजारच्या दातांना तार गुंडाळतो. हे मिश्रण घट्ट होताना तापतं, त्यातला न जुळलेला कच्चा द्रव (मोनोमर) हिरडीला भाजतो, आणि ते कायमचं चिकटलेलं असल्याने खाली ब्रश पोचत नाही. हिरडीखालचं हाड झिजत जातं आणि आधारासाठी धरलेले दोन धडधाकट दातही हलू लागतात. वरची कवळी पडू नये म्हणून टाळूकडच्या बाजूला रबराची चकती बसवण्याचा प्रकार त्याहून वाईट. ती सतत ओढत राहते आणि वर्षानुवर्षं वापरली तर टाळूला आरपार भोक पडू शकतं. मग प्यालेलं पाणी नाकातून येतं. तरीही गिऱ्हाईक त्याच्याकडे का जात होतं? एका बैठकीत, बाजार करता करता काम उरकायचं म्हणून.

विदर्भात दंतशिक्षण आलं ते नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाने, १९६८ साली. त्यानंतर बराच काळ इथला पदवीधर म्हणजे नागपूरचा, आणि तो पास होऊन नागपूर, अमरावती, अकोल्यातच बसायचा. चित्र पालटलं ते विनाअनुदानित महाविद्यालयांनी. वर्ध्याजवळ सावंगीला १९९१ साली महाविद्यालय निघालं, नागपूरच्या हिंगणा रस्त्यावर, अमरावतीत निघाली. चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता करून दरवर्षी शेकड्यांनी मुलं-मुली बाहेर पडू लागली. शहरात जागा उरली नाही, म्हणून दवाखाने वणी, उमरखेड, वरोरा, ब्रह्मपुरी, मेहकर, अंजनगाव अशा गावांत गेले. खेड्याची गरज ओळखून हे झालं असतं तर तीस वर्षं आधीच झालं असतं. शहरातल्या गर्दीने ते घडवलं, हे मान्य करायला हवं.

गावी दवाखाना टाकणाऱ्याची पहिली झुंज विजेशी आणि पाण्याशी. दात कोरायचं एअरोटर हे हत्यार १९५७ साली अमेरिकेत बाजारात आलं. हवेच्या दाबावर ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. हवा साधारण तीस ते पस्तीस पीएसआयने लागते, त्यासाठी एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर. ही मोटर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट वीज ओढते, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात दिवसाला दहा-बारा तास भारनियमन होतं. तेव्हा वीज असताना दात भरायचे आणि नसताना काढायचे, मापं घ्यायची, असं वेळापत्रक पडलं. दात काढायला वीज लागत नाही. टॉर्च, भूल देणारं दोन टक्क्यांचं लिग्नोकेन आणि चिमटा पुरतो. उपचार काढण्याकडे झुकण्यात याचाही वाटा आहे.

पाणी क्षारांचं. एअरोटरच्या तोंडाशी पाण्याची बारीक भोकं असतात, ती बोअरच्या पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत बुजतात. फवारा बंद पडला तर 'बर', म्हणजे दात कोरणारं फिरतं टोक, तापतो आणि निरोगी मगजही भाजून निघतो. म्हणून खुर्चीच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा आरओचंच पाणी, हा नियम. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या तळालाही पांढरा थर चढतो.

मग ऊन. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. माप घ्यायचं अल्जिनेट उन्हाळ्यात कालवता कालवताच आवळतं; फ्रीजचं पाणी वापरलं तर मिनिटभर जास्त मिळतो. दात भरायच्या ग्लास आयोनोमर सिमेंटसाठी काचेची लादी थंड करून, पुसून कोरडी घ्यावी लागते. ओल राहिली तर मिश्रण पातळ होऊन भरण कमजोर होतं. या सिमेंटचं मोल खेड्यात फार आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते पुढे आणलं, आणि ऐंशीच्या दशकात टांझानियात त्यावर आधारून विजेशिवाय दात भरण्याची पद्धत बसवली गेली. चमच्यासारख्या हत्याराने मऊ कीड खरवडायची, पोकळी कंडिशनरने, म्हणजे सौम्य आम्लाने, दहा-पंधरा सेकंद पुसून धुवायची, सिमेंट भरून व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबायचं, तासभर काही खाऊ द्यायचं नाही. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात पाटावर झोपवूनही हे होतं. फसतं ते बहुतेक दोन कारणांनी : लाळ आत शिरली, किंवा कडांची कीड पुरती खरवडली गेली नाही.

आता फेऱ्यांचा हिशेब. पूर्ण कवळीला पहिलं माप, दुसरं माप, चावा (वरचा-खालचा जबडा कसा जुळतो त्याची मेणातली नोंद), मेणावरची चाचणी आणि शेवटी बसवणं, अशा किमान पाच भेटी लागतात. लॅब नागपूरला किंवा अमरावतीला. काम एसटीच्या पार्सलने जातं-येतं. अल्जिनेटचं माप पाठवून चालत नाही, कारण पाव-अर्ध्या तासात त्यातलं पाणी निघून ते आकसतं. त्यामुळे डॉक्टरने स्वतःच प्लास्टर ओतून साचा पाठवायचा. उन्हाळ्यात मेणाचा चावा गाडीच्या टपावर नरम पडून वाकडा होतो आणि आणखी एक फेरी वाढते. प्रत्येक फेरी म्हणजे म्हाताऱ्या आईसोबत येणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी आणि दोघांचं भाडं. त्यात पैसा हंगामी. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हापासून दोन-तीन दशकं शेतकऱ्याचं घर चुकाऱ्याच्या हप्त्यांवर चाललं. आता योजना नाही, पण सवय तीच : सोयाबीन विकलं की दाढा, कापूस विकला की कवळ्या. जून ते सप्टेंबर पेरणी, निंदण, खत यांत हात अडकलेले आणि खिसा रिकामा. त्या महिन्यांत दवाखान्यात फक्त ठणका येतो.

या सगळ्याहून मोठा प्रश्न खर्ऱ्याचा. भाजलेल्या सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुन्याचं पाणी पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा त्याचा पट्टा. बायकांत नस, गुल, पूर्वेकडे गुडाखू, हे दातांना लावायचे तंबाखूचे प्रकार. खर्ऱ्यातून तोंड आक्रसण्याचा जो रोग (ओरल सबम्यूकस फायब्रोसिस) होतो, त्याचं भारतातलं वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली केलं. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत कोलॅजनचे तंतू साचत जातात, गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, आधी तिखट झोंबतं आणि मग तोंड उघडेनासं होतं. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाणाऱ्यालाही हा रोग होतो, हे ठेल्यावर कुणी मानत नाही. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली; खर्रा मात्र गिऱ्हाइकासमोरच घोटला जात असल्याने तो घरोघर टिकला. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था, टाटा ट्रस्ट आणि शासन यांनी मिळून चालवलेल्या मुक्तिपथ मोहिमेने गावागावांत दारू आणि तंबाखूविरुद्ध काम उभं केलं. पानठेल्याशी थेट भिडणारं असं काम इतर जिल्ह्यांतही हवं.

दंतवैद्याच्या हाताला हा रोग कसा अडवतो? निरोगी माणसाचे वरचे-खालचे पुढचे दात चार सेंटिमीटरच्या आसपास उघडतात. इथे वीस-बावीस वर्षांचा मुलगा दोन सेंटिमीटरवर अडकलेला येतो. मागच्या दाढेची रूट कॅनल करायची तर मूळ साफ करायची नेहमीची आखूड फाइलसुद्धा एकवीस मिलिमीटरची. ती आत उभी राहत नाही. खालच्या जबड्याला भूल द्यायची नेहमीची सुई जात नाही, बंद तोंडानेच देण्याची वझिरानी-अकिनोसी पद्धत वापरावी लागते. म्हणजे वाचवता आली असती ती दाढ काढावी लागते, आणि काढणंही अवघड होतं. उपचार म्हणजे गालात हायल्युरोनिडेज आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि रोज आइसक्रीमच्या काड्या दातांत थरावर थर ठेवून व्यायाम. दर आठवड्याला एक काडी वाढली पाहिजे. खर्रा चालूच राहिला तर मिळालेले दोन-चार मिलिमीटरही जातात. गालावरचा बरा न होणारा व्रण दोन आठवडे टिकला तर तुकडा तपासायलाच हवा. कर्करोग निघाल्यास रुग्ण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी जातो. दात काढल्यावरही खर्रा आड येतोच. बोळा पाऊण तास दाबून धरायचा, चोवीस तास चूळ भरायची नाही, हे पाळलं तरी तंबाखू चोखल्याने रक्ताची गाठ निघते आणि तिसऱ्या दिवशी कोरडा खड्डा ठणकू लागतो.

यवतमाळच्या केळापूर-झरी भागात आणि चंद्रपूरच्या काही तालुक्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची कमाल मर्यादा ओलांडलेलं पाणी आठ वर्षांच्या आतल्या मुलाने सतत पिलं, तर तयार होत असलेल्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. घासून ते जात नाहीत, आणि मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तेच विचारले जातात.

सरकारी बाजू तोकडी. २०१३ च्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आली, २०१४ साली राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम आला, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्याचं पदच नसतं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापर्यंत यावं लागतं. २०२३ साली १९४८ चा कायदा बदलून राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला.

या दवाखान्यामागचं घर बहुधा दोन डॉक्टरांचं असतं. नवरा-बायको दोघं बीडीएस, दवाखाना खाली, बिऱ्हाड वर. नस किंवा गुल लावते हे सासूसमोर न सांगणारी बाई डॉक्टरीणबाईंपाशी मात्र बोलते, त्यामुळे तिच्या खुर्चीवर रोग लवकर सापडतो. रविवारी सुटी ठरवली तरी रविवारचा बाजार असेल तर दवाखाना उघडाच. रात्री अकराला रक्त थांबत नाही म्हणून दार वाजतं. खुर्चीची आणि क्ष-किरण यंत्राची कर्जं पाच-सात वर्षं चालतात. मान एकाच बाजूला वळवून काम केल्याने चाळिशीआधी मणका बोलू लागतो. आरशातून पाहून ताठ बसण्याची सवय पहिल्या वर्षीच लावली नाही तर पुढे ती लागत नाही. मुलं पाचवी-सहावीत गेली की शाळेसाठी एकजण नागपूर-अमरावतीला बिऱ्हाड हलवतो, दुसरा गावात एकटा दवाखाना ओढतो. चांगले चाललेले कितीतरी दवाखाने रुग्ण असूनही याच वळणावर बंद झाले.

जे टिकले त्यांनी फेऱ्या बाजाराच्या दिवसांना बांधल्या. मोटरवर फिरणाऱ्या रोटरी फाइलमुळे मगज जिवंत असलेल्या दाढेची रूट कॅनल एका बैठकीत आटोपते. मूळ वाकडं असेल तर शहरातून ठरल्या दिवशी येणाऱ्या तज्ज्ञाकडे ती दाढ राखून ठेवतात. कवळीचं पहिलं माप सकाळी घेऊन लगेच प्लास्टर ओततात, त्यावर ॲक्रिलिकचा ट्रे करून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवतात म्हणजे त्याचं पुढचं आकुंचन तिथेच संपतं, आणि माणूस बाजार करून आला की दुपारी दुसरं माप. पुढच्या बाजाराला चावा, तिसऱ्याला मेणावरची चाचणी, चौथ्याला कवळी तोंडात. पाचव्याला टोचत असेल तिथे घासून द्यायची, आणि त्या दिवसाची फी घ्यायची नाही, हे आधीच सांगून ठेवायचं.