किकबॉल लीगमधील पंचगिरी आणि खेळीमेळी

किकबॉल हा बेसबॉलच्या धर्तीवरचा, पण बॅटीशिवाय खेळायचा अमेरिकन सांघिक खेळ आहे. पिचर मोठा रबरी चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकतो, किकर तो लाथेने मैदानात धाडतो आणि तीन बेस (धावताना पाय लावायचे टप्पे) पार करून होम प्लेटला, म्हणजे लाथ मारायच्या जागी, परत आला की धाव होते. शाळेच्या मधल्या सुट्टीतला हा खेळ आज अमेरिकेतील अनेक शहरांत कामावरून सुटलेली प्रौढ माणसे लीग करून खेळतात. स्त्री-पुरुष एकाच संघात असतात, नैपुण्याची अट नसते आणि हंगाम काही आठवड्यांचा असतो. अनेक लीगमध्ये पंच बाहेरून येत नाही. ज्या संघाचा सामना त्या वेळी नाही, त्याचेच दोन-तीन खेळाडू शिट्टी घेऊन उभे राहतात. काही लीग मानधन देऊन पंच नेमतात, पण या खेळातला सलोखा कशावर टिकतो हे समजायचे तर खेळाडू-पंचांची पद्धतच पाहावी लागते.

या खेळाची जुनी लेखी नोंद १९१७ मधली आहे. सिनसिनाटी शहराच्या क्रीडांगणांचे पर्यवेक्षक निकोलस स्यूस यांनी ‘किक बेसबॉल’ या नावाने त्याचे नियम आणि मैदानाची आकृती प्रसिद्ध केली. पुढे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी मुलामुलींना बेसबॉलची तोंडओळख करून देण्यासाठी तो वापरला. कॅनडात त्याला ‘सॉकर बेसबॉल’ म्हणतात. प्रौढांच्या लीगना संघटित रूप आले ते १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे वर्ल्ड अडल्ट किकबॉल असोसिएशन (वाका) स्थापन झाल्यावर. वाकाची नियमपुस्तिका बरीच प्रचलित असली तरी स्थानिक लीग तिच्यात फेरफार करतात. म्हणून पंचाने आधी आपल्या लीगची पुस्तिका वाचावी. शेजारच्या लीगमधल्या सवयीने दिलेला निर्णय हे भांडणाचे नेहमीचे कारण आहे.

वाकाच्या नियमांनुसार दोन बेसमधील अंतर ६० फूट असते आणि पिचरची पट्टी होम प्लेटपासून सुमारे ४२ फूट ५ इंचांवर, म्हणजे होम प्लेट आणि तीन बेस यांच्या चौकोनाच्या मध्यावर असते. चेंडू १० इंच व्यासाचा, लाल रबरी. त्यातील हवेचा दाब दर चौरस इंचाला १.५ पौंड ठेवतात. हा आकडा किरकोळ वाटतो, पण निम्मा खेळ त्यावर अवलंबून असतो. हवा जास्त झाली की चेंडू छातीवर आदळून उडतो आणि सोपे झेल सुटतात. कमी झाली की लाथ नीट बसूनही चेंडू आउटफिल्डपर्यंत, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानापर्यंत, जात नाही. उन्हात पडून राहिलेला चेंडू संध्याकाळच्या पहिल्याच सामन्यात टणक लागतो. म्हणून पंचाने सामन्याआधी सावलीत दाब मोजावा आणि हवेची सुई व छोटा पंप जवळ ठेवावा. क्षेत्ररक्षणाला जास्तीत जास्त ११ खेळाडू असतात आणि सामना सुरू व्हायला किमान ८ लागतात. पूर्ण सामना ५ डावांचा. मैदान तासाच्या हिशेबाने घेतलेले असते. त्यामुळे डाव बदलताना रेंगाळणाऱ्या संघाला हाकारणे हेही पंचाचेच काम.

मुख्य पंच होम प्लेटच्या मागे, कॅचरच्या (प्लेटमागच्या क्षेत्ररक्षकाच्या) किंचित बाजूला उभा राहतो. तेथून त्याला तीन गोष्टी एकाच वेळी दिसायला हव्यात: चेंडूचा टप्पा, त्याची उंची आणि लाथ बसताना किकरचा पाय. नीट टाकलेला चेंडू किकरने लाथाडला नाही तर तो ‘स्ट्राइक’. त्याचा पट्टा होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट रुंद आणि जमिनीपासून एक फूट उंच असतो. प्लेटपाशी चेंडू त्याहून वर उडाला, किंवा वाटेत किमान दोनदा जमिनीला लागला वा घरंगळला नाही, तर तो ‘बॉल’. चार बॉलवर किकरला पहिला बेस फुकट मिळतो, तीन स्ट्राइकवर तो बाद होतो. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर गेलेली वा नियमाबाहेरची लाथ म्हणजे ‘फाउल’. फाउलचा हिशेब मात्र स्ट्राइकपेक्षा वेगळा ठेवतात आणि चौथ्या फाउलला किकर बाद. बेसबॉल पाहिलेला नवा पंच इथे हमखास चुकतो, कारण बेसबॉलमध्ये पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून मोजतात. तीन आकडे डोक्यात राहत नाहीत. प्रत्येक चेंडूनंतर आकडे मोठ्याने सांगावेत म्हणजे चूक झाली तरी तिथल्या तिथे कोणीतरी सुधारते.

लाथ होम प्लेटवर किंवा तिच्या मागेच बसली पाहिजे. जोशात धावत आलेला किकर पाऊलभर पुढे जातो, आणि पंच चेंडूच्या मागे नजर फिरवत असेल तर हा फाउल त्याच्या हातून निसटतो. उपाय एकच: लाथ बसेपर्यंत नजर पायावरून हलवायची नाही, चेंडू कुठे गेला ते नंतर दिसतेच. काही लीगमध्ये गुडघ्याच्या वर लागलेला चेंडूही फाउल धरतात. रेषेलगत जाणारा चेंडू मात्र घाईने पुकारू नये. रबरी चेंडू फिरकी घेतो आणि आत पडून पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडे बाहेर वळतो. तो थांबेपर्यंत, कोणाचा हात लागेपर्यंत किंवा बेस ओलांडेपर्यंत पंचाने गप्प राहावे. एकदा ‘फाउल’ ओरडले की धावणारे थांबतात, आणि थांबलेला खेळ परत जोडता येत नाही.

दुसरा पंच पहिल्या बेसजवळ, रेषेच्या बाहेर पाच-सहा पावलांवर उभा राहतो. धावणारा बेसवर आधी पोचला की क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू आधी आला, यावरचे सर्वांत जास्त वाद तिथेच होतात. बेसबॉलचा पंच पाय डोळ्यांनी पाहतो आणि झेल कानांनी ऐकतो. किकबॉलमध्ये ही युक्ती फसते, कारण हातमोजे नसतात आणि चेंडू छातीवर आदळल्याचा आवाज म्हणजे झेल नव्हे. चेंडू पक्का ताब्यात आला का हे पाहूनच हात वर करावा. अर्धा श्वास थांबून दिलेला निर्णय बरोबर येतो आणि लोकांना पटतोही. धडक टाळण्यासाठी पहिल्या बेसला लागून बाहेरच्या बाजूला आणखी एक बेस ठेवतात. आतला क्षेत्ररक्षकाचा, बाहेरचा धावणाऱ्याचा.

धावणाऱ्याला चेंडू फेकून मारून बाद करता येणे ही या खेळाची खरी मजा. लगोरी आणि आबाधुबी खेळलेल्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. मात्र मार खांद्याच्या खाली हवा. मान किंवा डोक्याला लागला तर धावणारा सुरक्षित आणि तो ज्या बेसकडे निघाला होता तो त्याला मिळतो. तो मुद्दाम वाकला किंवा घसरत गेला म्हणून डोक्याला लागला असेल, तर सूट मिळत नाही. हा निर्णय देताना पंचाने आधी खेळाडूला लागले आहे का ते विचारावे, नियम नंतर सांगावा. जवळून जोरात मारण्यातून कटुता येते, आणि पंच पहिल्याच वेळी गंभीरपणे बोलला तर बहुधा दुसरी वेळ येत नाही.

फोर्स आउटचा गोंधळही नेहमीचा. मागच्या धावकामुळे पुढच्याला बेस सोडावाच लागतो, तेव्हा चेंडू घेऊन बेसला पाय लावणे पुरते. पण मागचा आधीच बाद झाला की ती सक्ती संपते आणि पुढच्याला चेंडू लावावाच लागतो. उंच झेल घेतला गेला तर धावकाने मूळ बेसला पाय लावून मगच निघायचे असते. पिचरने चेंडू आपल्या जागेवर ताब्यात घेतला की खेळ थांबतो. त्या क्षणी पुढे धावत असलेल्यांना तेवढाच एक बेस गाठता येतो. ‘तो धावत होता की उभा होता’ हा वाद टाळण्यासाठी दोन्ही पंचांनी आधीच धावक वाटून घ्यावेत.

क्रिकेटवर वाढलेले खेळाडू, आणि अमेरिकेत अशा संघांत मराठी तरुण-तरुणीही असतात, दोन ठरावीक चुका करतात. चेंडू आत पडला तरी धाव घ्यायची की नाही हे आपल्या हातात आहे असे समजून ते प्लेटवरच थांबतात. आणि चेंडू लाथाडण्याआधीच, नॉन-स्ट्रायकरसारखे, बेस सोडतात. लाथ बसण्याआधी बेस सोडला तर धावक बाद. नवखा खेळाडू संघात असेल तर पहिल्या डावात पंचाने आधी आठवण करून द्यावी. नियमात हे लिहिलेले नाही, पण चांगले पंच करतात.

निर्णयावर दाद फक्त कर्णधार किंवा उपकर्णधाराने मागायची, तीही खेळ थांबल्यावर. पंचांनी एकत्र येऊन हळू आवाजात बोलावे. दोघांपैकी ज्याला नीट दिसले त्याचे ऐकावे आणि मुख्य पंचाने एकदाच निकाल सांगावा. चूक कळली तर तेव्हाच बदलावी. मात्र आधीची चूक भरून काढण्यासाठी दुसऱ्या संघाला झुकते माप देऊ नये. त्यात दोन्ही संघ दुखावतात. गल्ली क्रिकेटमध्ये फलंदाजी करणाऱ्या संघाचाच पंच असतो आणि शेवटी चिडीचा डाव रडी असे म्हणण्याची पाळी येते. इथे पंच तिसऱ्या संघाचा, पण तोही याच लीगमधला असतो. आज ज्याच्यावर आरडाओरडा केला, तो पुढच्या आठवड्यात समोरच्या संघात पिचर असतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच्या धावेचा निर्णय आपल्या हातात असतो. शिट्टी सर्वांच्या हातात फिरते म्हणून जीभ आवरते. स्वतः एकदा पहिल्या बेसपाशी उभे राहिलेला माणूस सहसा पंचावर ओरडत नाही, हे कर्णधारांना चांगले माहीत असते. त्यामुळे शहाणा कर्णधार सर्वांत तापट खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीलाच पंचाच्या पाळीला पाठवतो.

पंचगिरीची पाळी चुकवणाऱ्या संघावर काही लीग दंड किंवा गुणकपात लावतात, कारण पंच न आल्यास दोन निरपराध संघांचा सामना अडतो. एकट्याने नाव नोंदवणाऱ्या नवख्यांना आयोजक एखाद्या संघात घालतात. त्यांना पहिली पाळी जुन्या खेळाडूबरोबर, पहिल्या बेसवर द्यावी. शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या माणसाला दोन संघांतील वीस-बावीस जण तासाभरात नावाने हाक मारू लागतात, तेही त्याने कोणाला तरी बाद ठरवल्यावर.

सामना संपला की दोन्ही संघ ओळीत येऊन हातावर हात मारतात आणि पंचही त्या ओळीत असतो. मग बहुतेक जण लीगशी ठरलेल्या बारमध्ये जातात. अमेरिकेत मद्यपानाची कायदेशीर वयोमर्यादा २१ असल्याने अनेक लीग प्रवेशाचे वयही तेच ठेवतात. न पिणाऱ्यांचीही तिथे सोय आणि हजेरी असते. शेवटच्या सामन्याचा पंच चेंडू, शिट्ट्या आणि बेस मोजून पिशवीत भरतो आणि पुढच्या पाळीच्या संघाकडे सोपवतो. त्या वेळी कोणत्या नियमावर अडले हे एका ओळीत सांगितले की पुढच्या पंचाचा तो वाद वाचतो.