कोंबड्याचा तुरा लाल कशाने?

कोंबडा नावाच्या फुलझाडाचा तुरा कापून ठेवला तरी महिनोन्‌महिने तसाच राहतो. त्याच्या कुलाचं ‘ॲमरँटेसी’ हे नावसुद्धा ‘न कोमेजणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलं. कारण फुलाला हात लावताच कळतं. पाकळ्या नसतातच, असतात ती कागदासारखी कोरडी पाच परिदलं, म्हणजे पाकळ्यांच्या जागची दलं. मुळात ओलावाच नाही, तर कोमेजणार काय?

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1753 साली दोन जाती वेगळ्या नोंदवल्या: कुरडू (सिलोशिया आर्जेन्शिया) आणि कोंबडा (सिलोशिया क्रिस्टाटा). त्याला दोष देता येत नाही, कारण कुरडूचं कणीस सरळसोट, शेंड्याला गुलाबी आणि खालून रुपेरी होत जाणारं, तर कोंबड्याचा तुरा घड्या पडलेल्या मखमलीसारखा. आज मात्र कोंबड्याला कुरडूचंच एक रूप मानतात. फरक वाढीच्या टोकात आहे. एरवी ते टिंबाएवढं असतं. इथे आडवं पसरून रेघेसारखं होतं आणि फुलोरा चपटा, नागमोडी वाढत जातो.

बिया हव्या असतील तर माथ्यावर शोधू नयेत, तो भाग बहुतेक वांझ असतो. तुऱ्याच्या खालच्या अंगाची पिकलेली फुलं बोटांत चोळावीत. इवल्याशा फळाची टोपी अलगद निघते आणि काळ्या, चकचकीत, भिंगासारख्या बिया तळहातावर पडतात. आघाड्याच्या किंवा राजगिऱ्याच्या फळात एकच बी, इथे अनेक. ही ओळखीची पक्की खूण.

रंगाने तर रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं. गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तेव्हा हाही त्यातलाच, फक्त नायट्रोजन असलेला, अशी समजूत होती. 1960च्या दशकात बीटमधल्या रंगद्रव्याची रचना उलगडली आणि कोंबड्याचा लालही ज्यातला, ते घराणंच निराळं निघालं. 1968 साली माब्री आणि ड्रायडिंग यांनी त्याला ‘बीटालेन’ हे नाव दिलं. बीट, पालक ज्यात येतात त्या चाकवताच्या कुलातही हीच रंगद्रव्यं. पुढे 1998च्या एपीजी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या वर्गीकरणाने डीएनएच्या आधारे ते सगळं कुल ॲमरँटेसीत आणलं. सगळ्यांना ते मान्य नाही, पण मला ते योग्य वाटतं.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, निसर्गात बीटालेन आणि अँथोसायनिन ही दोन्ही एकाच झाडात आजवर आढळलेली नाहीत.