उधारीची वही आणि सोळावा महिना

सदाशिव पेठेतला किराणा दुकानदार समोरच्या वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडाला महिनाभर वहीवर माल देतो आणि स्पर्धा परीक्षेसाठी नव्याने खोली घेतलेल्या मुलाकडे मात्र रोख मागतो. याला आपण ‘माणसाची पारख’ म्हणतो. खरे तर त्यात स्वभावापेक्षा गणित जास्त आहे, आणि ते विलक्षण सुंदर आहे.

समजा, महिन्याची उधारी 3,000 रुपये. खाते चालू असण्याचा गिऱ्हाइकाला होणारा फायदा (घरपोच माल, पैसे येईपर्यंतची सवड) महिन्याला 200 रुपये धरू. उधारी बुडवली तर 3,000 एकदाच सुटतात, पण पुढचे सगळे दोनशे जातात. पुढच्या महिन्यातही तो इथेच असण्याची शक्यता ‘प’ मानली, तर त्या दोनशेंच्या श्रेढीची बेरीज 200 × प ÷ (1 − प). प = 0.95 असता ती 3,800 येते, म्हणजे बुडवणे तोट्याचे. प = 0.90 असता 1,800 येते, आणि बुडवणारा फायद्यात! उंबरठा 0.9375 वर आहे, म्हणजे चालू महिना धरून सरासरी 16 महिन्यांचा मुक्काम.

खोलीचा करार 11 महिन्यांचा. त्यातही जाण्याची तारीख पक्की असेल तर गोष्ट आणखी बिघडते. शेवटच्या महिन्यात बुडवणाऱ्याला गमावण्यासारखे काही नसते, म्हणून दुकानदार त्या महिन्यात उधारी देत नाही. मग दहावा महिनाच शेवटचा होतो, मग नववा, आणि वीण पहिल्या महिन्यापर्यंत उसवते. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकी डावपेचांची स्पर्धा घेतली (प्रत्येक चालीत समोरच्याशी सहकार्य करायचे की दगा द्यायचा, एवढेच ठरवायचे), तेव्हा पहिल्या वेळी प्रत्येक डाव 200 चालींचा होता. दुसऱ्या वेळी त्यांनी शेवट अनिश्चित ठेवला, तो याचसाठी. दोन्ही वेळा ‘जशास तसे’ (आधी सहकार्य, मग समोरच्याने मागच्या चालीत केले तेच) हा साधा डावपेच जिंकला.

नाकात फवारलेल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने विश्वास वाढतो, असा 2005 मधल्या एका प्रयोगावरून गाजावाजा झाला. 2020 मध्ये तो प्रयोग अधिक लोकांवर काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. नाकात मारायच्या ‘विश्वासाच्या फवाऱ्यावर’ पैसे घालवू नयेत.

खोलीवरच्या मुलासाठी उपाय आहे: हिशेब दर आठवड्याला चुकता करणे. आता थकबाकी 750, आठवड्याचा फायदा 50. भागाकार तोच (3,000 ÷ 200 काय, 750 ÷ 50 काय, 15च), पण उंबरठा 16 महिन्यांवरून 16 आठवड्यांवर येतो. करार संपायला चार महिने उरले की मात्र 750 रुपये अनामत घ्यावी.